तिसरी पिन काढू नका, आधी बोर्डचं अर्थिंग तपासा

तुम्ही लिहिलेला त्रास असा: साउंड मिक्सर (माइकचे आवाज एकत्र करणारं यंत्र) हॉलच्या मागच्या बोर्डवर, अ‍ॅम्प्लिफायर स्टेजच्या बोर्डवर, मधली केबल जोडली की घूंऽऽ, कूलर लावला की ती घूं आणखी मोठी, आणि गाणाऱ्या ताईंच्या ओठांना माइकच्या जाळीतून झिणझिण्या. एवढं वाचूनच वाटलं होतं की कुणीतरी तुम्हाला मिक्सरच्या प्लगची जाडी, म्हणजे अर्थची, पिन काढायला सांगितलं असणार. सांगितलंच आहे. कृपा करून काढू नका.

पिन काढली की बहुतेक वेळा आवाज जातो, म्हणून तर हा सल्ला मरत नाही. पण उद्या मिक्सरच्या आत फेज (जिवंत तार) धातूच्या बॉडीला लागला, तर त्याला जायला उरतात दोनच वाटा: केबलची शील्ड (सिग्नलच्या तारेभोवतीचं धातूचं वेष्टन) किंवा माइक धरलेला माणूस. 1972 साली स्वान्सीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे भर कार्यक्रमात माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने गेला.

केबल, जॅक वगैरे तुम्ही बदलून पाहिलं असेलच, त्याने ही घूं जात नाही. मी परवानाधारक वायरमन नाही, साउंड लावणारा माणूस आहे. त्यामुळे पुढचं वाचून बोर्ड स्वतः उघडू नका.

आमच्या गाण्याच्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम ज्या सभागृहात व्हायचा, तिथे अगदी तुमच्यासारखंच होतं. त्यात भर म्हणजे मल्टिकोर केबल (मिक्सर आणि स्टेज जोडणारी, आत अनेक केबल्स असलेली जाड केबल) जोडली की मधूनच आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडायचा. कार्यालयात सांगितलं तर उत्तर मिळालं, "बोर्डाला तीन भोकं आहेत ना? मग अर्थिंग आहे." पुढच्या वर्षी गेलो तर आरसीसीबीच काढून टाकलेला. का, तर कार्यक्रमात लाईट जाते अशी तक्रार होती! तक्रार आमचीच होती, पण ती अर्थिंगची. लेखी अर्ज दिला, त्यावर शिक्का मिळाला, बाकी काही नाही. ज्याच्या हातात बोर्डाची किल्ली आहे त्याला ऐकूच येत नसेल तर हजारो रुपयांचा मिक्सर काय कामाचा, असं तेव्हा फार वाटलं. असो.

शेवटी बाहेरचा एक जाणता वायरमन आणला. त्याने मेन बंद करून मागचा बोर्ड उघडला. आत सॉकेटच्या न्यूट्रलवरून अर्थच्या स्क्रूला काळ्या वायरचा जेमतेम दीड इंचाचा तुकडा जोडलेला, अगदी नीट वळवून, आवळून. अर्थची हिरवी वायर त्या पाइपमधून आलेलीच नव्हती. म्हणजे टेस्टरने, मीटरने सगळं ठीक दिसणार: फेज-अर्थ 230, न्यूट्रल-अर्थ शून्य.

घूं येते ती इथून. कूलर, दिवे यांचा करंट न्यूट्रलमधून परत जातो. 1.5 चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण 12 ओहम, म्हणजे 20 मीटरला पाव ओहमच्या आसपास. 5 अँपिअर वाहिले की मागच्या बोर्डाचा हा खोटा अर्थ खऱ्या अर्थपासून सव्वा व्होल्ट वर बसतो. स्टेजवरचा अर्थ खरा. मधली केबल जोडली की न्यूट्रलचा काही करंट सरळ तिच्या शील्डमधून पळतो. घरगुती ऑडिओ उपकरणांचा लाइन सिग्नल (एकातून दुसऱ्यात जाणारा आवाजाचा सिग्नल) असतो 0.3 व्होल्टच्या आसपास, मग घूं का ऐकू येणार नाही? आणि हा करंट न्यूट्रलने परत न आल्यामुळे आरसीसीबी पडतो. तो बिचारा बरोबर सांगत होता, त्यालाच काढून टाकलं.

आवाज एक वेळ परवडला. पण न्यूट्रल कुठे सैल होऊन सुटला आणि एखादा दिवा चालू असला, तर त्या दिव्यातून फेज येऊन मिक्सरच्या बॉडीवर आणि तिथून माइकच्या जाळीवर बसतो.

तेव्हा वायरमनला एवढंच करायला सांगा: मधली केबल काढून, त्याच बोर्डवर 1000 वॉटची इस्त्री लावून न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज बघा. इस्त्री चालू झाल्यावर ते थोडं तरी वाढायला हवं. ढिम्म शून्यच राहिलं तर बोर्ड उघडा. शून्य बघून "एक नंबर अर्थिंग" म्हणणारा वायरमन बदला, हे माझं मत. आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर आधी तो बसवा.

हे निस्तरेपर्यंत कार्यक्रम असेल तर मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही स्टेजच्या, तपासलेल्या बोर्डवरूनच चालवा. मिक्सरसाठी जाड थ्री-पिन एक्स्टेंशन मागे न्या. अर्थिंग खरं असूनही हलकी घूं राहिली तर उपाय सिग्नलच्या केबलमध्ये: बॅलन्स्ड केबल (सिग्नलच्या दोन तारा आणि वेगळी शील्ड असलेली), नाहीतर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांची थेट जोडणी न ठेवता सिग्नल पुढे देणारा). डीआय बॉक्सवरचं (वाद्य आणि मिक्सरच्या मध्ये लावायची छोटी पेटी) ग्राउंड लिफ्टचं बटण बिनधास्त दाबा, ते फक्त सिग्नलची शील्ड तोडतं, मेनच्या अर्थला हात लावत नाही. ट्रान्सफॉर्मरने झिणझिण्या जातीलच असं मात्र नाही, तो भाग वेगळा.

चार्जरवरचा लॅपटॉप जोडला की येणारी घूं आणि मुंग्या, हे तुम्ही शेवटी विचारलंय. टू-पिन चार्जरच्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट गळतो, त्याचाही हाताला मुंग्यांसारखा भास होतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घूं गेली तर कारण सापडलं. पण या झिणझिण्या आणि धोक्याच्या झिणझिण्या बोटाला सारख्याच लागतात, म्हणून चार्जरवर ढकलून मोकळं होऊ नका.

इन्व्हर्टरवर स्क्वेअर वेव्ह (गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी आकाराची वीज) असेल तर येणारी चरचर निराळी, ती अर्थिंगने जाणार नाही. आणि सभागृहाचा अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळशाचा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी कोण घालतं, ते एकदा शिपायाला विचारा. आमच्याकडे त्या खड्ड्यावर कुंड्या ठेवल्या होत्या. इस्त्रीचं रीडिंग मिळालं की कळवा, मग मल्टिकोरचं बघू.