शब्द पाठ होतात, पण पेपरात दगा देतात

‘रोज ६० शब्द पाठ करते. रात्री सगळे येतात, सराव चाचणीला बसलं की डोकं कोरं!’ परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या जीआरई परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीची ही तक्रार. आपली स्मरणशक्तीच कच्ची, असं तिने ठरवूनही टाकलं होतं.

आधी तिचे चुकलेले २० प्रश्न वहीशेजारी ठेवून पाहिले. अनोळखी शब्दामुळे चुकलेले फक्त ६. बाकीच्यांत बहुतेक ठिकाणी शब्द तिला ‘येत’ होता, पण भलत्याच अर्थाने. वहीत ‘क्वालिफाय’पुढे ‘पात्र ठरणे’ एवढंच. प्रश्नात होती ‘क्वालिफाइड’ स्तुती, म्हणजे हातचं राखून केलेली. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी, आणि निर्बंधही. ‘एनर्व्हेट’ कानाला एनर्जीसारखा वाटतो, अर्थ मात्र शक्ती काढून घेणे.

या परीक्षेतले सुटे विरुद्धार्थी शब्द २०११ सालीच गेले. आता शब्द वाक्यात भेटतो. सहा पर्यायांतून दोन निवडायच्या प्रश्नात ती थेट समानार्थी जोडी हुडकायची, आणि वाक्यात न बसणारी जोडीही तिथे पेरलेली असते. दोन्ही उत्तरं बरोबर असली तरच गुण. म्हणून नवा क्रम: पर्यायांकडे बघायचं नाही, ‘ऑल्दो’, ‘डिस्पाइट’सारखा वाक्य फिरवणारा शब्द शोधायचा, रिकाम्या जागी आपला शब्द (मराठी चालेल) घालायचा, मग पर्याय.

वही बंद, कार्डं सुरू. पुढे गाळलेल्या जागेचं वाक्य. मागे शब्द, त्याचा दुसरा अर्थ आणि स्तुती की निंदा ते सांगणारं अधिक-उणे चिन्ह. उत्तर तोंडाने म्हटल्याशिवाय कार्ड उलटायचं नाही. उजळणी १, ३, ७ आणि १५ दिवसांनी. चुकलं की ते कार्ड पुन्हा पहिल्यापासून.

रोज नवे शब्द १५च. तिला हे फारच थोडे वाटले. पण चार फेऱ्या धरल्या तर पंधरवड्यानंतर रोजची उजळणीच ६० कार्डांची होते. ६० नवे घेतले असते तर २४०. तिथेच उजळणी सुटते आणि शब्दही.

परीक्षेला ६० दिवस होते. शेवटचे १५ नुसत्या उजळणीचे, म्हणजे नवे शब्द ६७५. यादी ११००ची. उरलेल्या ४२५ शब्दांवर पाणी सोडताना ती बरीच कुरकुरली.