वाचकांचे प्रश्न : गळा सुटतो, बाही ओढते

प्रश्न : ताई, माझी छाती ३८ म्हणून महाद्वार रोडवरून ३८ नंबरचं ब्लाऊजचं तयार पेपर कटिंग आणलं. छातीला बसतं, पण गळा पुढून सुटतो, शोल्डर घसरतं, पाठ ढगळ होते. पैठणीवर ब्लाऊज शिवायचा आहे. शोल्डर किती आत घेऊ?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : शोल्डरला हातच लावू नका. दोष तिथे नाही, नंबर निवडण्यात आहे. टेप दोन्ही काखांतून, उभाराच्या वरून घ्या. ही वरची छाती. दुसरं माप भरलेल्या भागावरून. बहुतेक पेपर कटिंगमध्ये या दोन मापांत साधारण २ इंचांचा फरक धरलेला असतो. तुमची वरची छाती ३४ भरली, तर गळा, शोल्डर आणि पाठ ३६ नंबरची लागते. कमी पडतात ते २ इंच फक्त पुढच्या भागात. ३८ घेतलं की तेच २ इंच पाठीतही जातात आणि शोल्डर खाली उतरतं.

म्हणून ३६ घ्या आणि पुढचा भाग तेवढा वाढवा. पुढच्या भागाचे दोन अर्धे, म्हणजे प्रत्येकी १ इंच. कागदावर उभाराचा बिंदू मांडून तीन रेघा ओढा : एक खालच्या टक्समधून (टक्स म्हणजे फुगीर आकारासाठी शिवलेली निमुळती चिमट) सरळ खाली, दुसरी मुंढ्याच्या (बाही जोडतात त्या गोलाईच्या) खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, तिसरी बाजूच्या टक्समधून बाजूच्या शिलाईकडे. खालून कापत बिंदूपर्यंत या आणि तसेच मुंढ्याकडे वळा, पण शिलाईच्या रेघेशी थांबा. कागद तिथे जोडलेला राहिला पाहिजे. बाजूची रेघही बिंदूच्या अगदी जवळ येऊन थांबवा. आता बाजूचा तुकडा बाहेर सरकवा. बिंदूपासून खालपर्यंत १ इंचाची समांतर फट पडली की बरोबर. बाजूचा टक्स आपोआप रुंदावेल. हूकपट्टीकडचा भाग खालून आखूड दिसेल; तो बिंदूच्या खाली आडवा कापा, खाली उतरवून रेघ जुळवा आणि मागून कागद चिकटवा.

वाढलेला इंच खालच्या टक्समध्ये पूर्ण घ्यायचा, म्हणजे कंबर होती तेवढीच राहते. मुंढ्याची शिलाई लांबत नाही, त्यामुळे बाहीही तीच चालते. टक्सचं टोक बिंदूच्या पाऊण ते एक इंच अलीकडे संपवा. थेट बिंदूवर नेलं की समोर टोक उभं राहतं, आणि कितीही इस्त्री करा, ते बसत नाही.

एवढं करूनही गळा सुटला, तर चिमटीत धरून सैलपणा मोजा. बहुधा पाव इंच भरतो. कागद गळ्यापासून बिंदूपर्यंत कापून तेवढाच एकावर एक चढवा. खालचा टक्स थोडा उघडेल. गळ्याला नुसती पट्टी ओढून लावली की चुण्या पडतात.

पैठणीच्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा किंवा जुन्या चादरीचा एक पुढा शिवून अंगावर पाहाच. रेशमात उसवलेल्या टिपेची भोकं दिसत राहतात. बाजूच्या शिलाईत दीड इंच दाब, म्हणजे शिलाईच्या आत जास्तीचं कापड, ठेवा.

प्रश्न : हात वर केला की ब्लाऊज अख्खा वर चढतो. मुंढा अर्धा इंच खोल केला, तर जास्तच चढतो.
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : चढणारच. मुंढा जितका खाली, तितकी बाजूची शिलाई हाताबरोबर वर ओढली जाते. मुंढा काखेजवळ असेल तर हात मोकळा फिरतो. नवीन कापताना काखेचा बिंदू अर्धा इंच वर घ्या, बाहीचं काखेकडचं टोक अर्धा इंच वर आणि तेवढंच बाहेर. मग दोन्ही शिलाया टेपने मोजा; बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त हवी.

शिवून झालेल्या ब्लाऊजला चौबगला, म्हणजे काखेत बसवायचा चौकोनी तुकडा, लावा. काखेच्या जोडापासून बाजूची शिलाई २ इंच आणि बाहीची आतली शिलाई २ इंच उसवा. मुंढ्याची शिलाई तशीच ठेवा. चारही बाजूंचा अर्धा-अर्धा इंच दाब धरून ३ इंचांचा चौकोन कापून हिऱ्यासारखा बसवा. चारही कोपऱ्यांवर सुई कापडात रुतवून, मशीनचा पाय उचलून कापड फिरवा. शिलाई कोपऱ्यापुढे एक टाका जरी गेली, तरी तिथे चुणी पडते.

प्रश्न : जुन्या साड्यांची वाकळ शिवतेय, धुतल्यावर मधे गोळा होते.
– एक वाचक, कागल

उत्तर : सुती आणि पॉलिस्टर साड्या एकाच वाकळेत घातल्या असाव्यात. सुती आटते, दुसरी आटत नाही. आतले थर सगळे सुतीच घ्या, आधी धुऊन कडकडीत वाळवा. पावसाळ्यात दमट थर शिवला तर वास कोंडतो. जरीचे काठ काढून टाका, ते आधी फाटतात. जमिनीवर ताणून अंथरा आणि मधोमधून कडांकडे, वीतभर अंतराने कच्चे टाके घाला. ते पडल्यावरच धावदोरा सुरू करा. दोन ओळींत दोन बोटांपेक्षा जास्त अंतर नको. कच्चे टाके शेवटी, कडेची पट्टी लावून झाल्यावर काढा.