अख्खा मसूर स्पॅनिशमध्ये सांगताना

प्रश्न : स्पॅनिशच्या वर्गात ‘दुपारचा स्वयंपाक कसा करता’ यावर बोलायचं आहे. अख्खा मसूर आणि भाकरी ठरवलीय, पण क्रियापदांची रूपं तोंडी येत नाहीत. काय करावं? – एक वाचक, मिरज

उत्तर : प्रत्येक वाक्य ‘आय के’ने सुरू करा. अर्थ ‘करावं लागतं’. पुढचं क्रियापद मूळ रूपातच राहतं. आय के रेमोखार लास लेंतेखास : मसूर भिजवायचे. आय के पिकार ला सेबोय्या : कांदा बारीक चिरायचा. ‘मी’ची रूपं वापरायला गेलात की शिजवण्याच्या ‘कोसेर’चं ‘क्वेसो’ होतं, उकळण्याच्या ‘एर्बीर’चं ‘येर्बो’, आणि बोलणं तिथेच अडखळतं. ती रूपं नंतर सावकाश पाठ करा.

क्रमासाठी प्रिमेरो (आधी), ल्वेगो (मग), अल फिनाल (शेवटी) एवढे पुरतात. ल्वेगो आय के सोफ्रेइर ला सेबोय्या कोन आखो : मग कांदा लसणाबरोबर परतायचा. मंद आचेवर म्हणजे आ फ्वेगो लेंतो. मापात मात्र जपा. कुचारादीता हा चहाचा चमचा, सुमारे ५ मिली. कुचारादा मोठा, १५ मिली. या दोन शब्दांत गल्लत केलीत आणि ऐकणाऱ्याने घरी करून पाहिलं तर हळद तिप्पट पडेल!

तिखट म्हणजे पिकांते, गरम म्हणजे कालिएंते. मराठीतही हे दोन वेगळेच आहेत, त्यामुळे थेट मराठीतून विचार करा. इंग्रजी ‘हॉट’वरून गेलात तर गोंधळ होतो. उच्चारातही आपल्याला मोठा फायदा आहे. तोमाते, दोस यांतले त, द आपल्याकडे आहेतच; आखोतला ख मात्र घशातून घासत म्हणायचा. इंग्रजी सवयीने ‘टोमाटे’ म्हणू नका.

भाकरीला तोर्तिया म्हणायचा मोह होईल. मेक्सिकोत ती मक्याची पोळी, त्यामुळे चालून जाईल. स्पेनमध्ये मात्र समोरच्याला बटाटा घातलेलं ऑम्लेट डोळ्यांपुढे येतं. ‘पान प्लानो दे सोर्गो, सिन लेवादूरा’ म्हणा : ज्वारीची चपटी, यीस्ट न घातलेली.

प्रश्न : दुपारच्या जेवणाला आल्मुएर्सो म्हणावं की कोमीदा? – एक वाचक, विटा

उत्तर : देश बघून. कोलंबिया, पेरू, अर्जेंटिनात आल्मुएर्सो. स्पेन आणि मेक्सिकोत मुख्य जेवण म्हणजे कोमीदा, आणि ते दोनच्या पुढेच; बारा वाजता जेवतो म्हटलंत तर आश्चर्य वाटेल. शेंगदाण्याचंही तसंच : स्पेनमध्ये काकावेते, मेक्सिकोत काकावाते, अर्जेंटिना-पेरूकडे मानी. शिक्षक कुठल्या देशाचे, ते आधी विचारून घ्या.