वाचकांचे प्रश्न : मोडलेली डोलकाठी, गोठलेली बोटं

प्रश्न : डॉ. डेव्हिड लुईस पेशाने डॉक्टर. मग यॉटच्या, म्हणजे शिडाच्या नौकांच्या, शर्यतीत डोलकाठी मोडूनही ते तिसरे कसे आले?

उत्तर : १९६०ची ही शर्यत प्लिमथ ते न्यूयॉर्क, प्रत्येक यॉटवर एकच माणूस. स्पर्धक अवघे पाच. त्यामुळे ‘तिसरा’ ऐकून फार भारावून जायला नको; पण लुईस यांची ‘कार्डिनल व्हर्च्यू’ जेमतेम २५ फुटी होती आणि डोलकाठी सुरुवातीलाच मोडल्याने ते प्लिमथला परतले, दुरुस्ती करून पुन्हा निघाले. घड्याळ मात्र थांबत नाही, दुरुस्तीचे दिवसही हिशेबात धरले जातात. पहिले आलेल्या फ्रान्सिस चिचेस्टर यांना ४० दिवस लागले.

प्रश्न : १९७२मध्ये अंटार्क्टिकाकडे एकटे जाताना त्यांची ‘आइस बर्ड’ दोनदा उलटली. दुसऱ्यांदा का?

उत्तर : पहिल्या वेळी डोलकाठी गेली, हेच मोठं कारण असावं. उंच काठीच्या वजनामुळे यॉट सावकाश कलंडते. काठी गेली की लाट तिला झटक्यात फिरवते. मोडकी काठी तिला धरणाऱ्या तारांना लटकत राहिली तर दर लाटेला हलावर, म्हणजे यॉटच्या धडावर, आपटते, म्हणून आधी तारा तोडायच्या. मग हाती असेल तो दांडा उभा करून पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी दोरांनी ताणायचा. शीड लहानच लावायचं. अशा जुगाडावर लुईस जानेवारी १९७३मध्ये अंटार्क्टिकातल्या पामर या अमेरिकी संशोधन तळावर पोचले.

प्रश्न : त्यांचे हात हिमदंशाने सुजले होते. स्वतः डॉक्टर असून उपाय का नाही?

उत्तर : उपाय ठाऊक असणं वेगळं, करता येणं वेगळं. गोठलेला भाग ३७ ते ३९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, लालसर आणि मऊ होईपर्यंत, साधारण अर्धा तास बुडवायचा. पाणी निवत जातं, तेव्हा गरम पाणी घालत राहायचं, हात बाहेर काढून मगच. चोळायचं मुळीच नाही. आत बर्फाचे कण असतात, चोळल्याने पेशी फाटतात. वेदना भयंकर होतात, म्हणून वेदनाशामक आधीच घ्यावं. अट एकच : ऊब दिलेला भाग पुन्हा गोठता कामा नये, नाहीतर नुकसान आधीपेक्षा जास्त. आणि एकट्या खलाशाला पाण्याने भरलेली यॉट उपसायला तेच हात लागतात! थर्मामीटर नसेल तर पाणी कोपराने तपासावं. बधिर बोटांना चटका कळत नाही.