स्तनाच्या पुनर्रचनेनंतर तिथला स्पर्श परत येतो का?

ताई, पुढच्या महिन्यात तुमची मास्टेक्टॉमी (स्तन काढण्याचं ऑपरेशन) आहे, त्याच वेळी पोटाची त्वचा-चरबी घेऊन नवा स्तन करणार आहेत, आणि तिथला स्पर्श परत येतो का असं तुम्ही विचारलंय. थोडाफार येतो, उशिरा येतो, प्रत्येकीला सारखा येत नाही. पूर्वीसारखा नाही. माझं असंच ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं. जिवावरचं दुखणं, त्यात हे काय विचारायचं, म्हणून मी गप्प राहिले. तुम्ही विचारलंत, फार बरं केलंत.

स्तनाला स्पर्श कळतो तो बरगड्यांमधून येणाऱ्या मज्जातंतूंमुळे. स्तन काढताना ते कापले जातात. स्तनाग्र राखलं तरी त्याची जाणीव राहीलच असं नाही, हेही मला नंतर कळलं. नवा स्तन करताना रक्तवाहिन्या जोडाव्याच लागतात, नाहीतर तो भाग जगत नाही. मज्जातंतू मात्र सगळेच सर्जन जोडत नाहीत. म्हणून आत्ताच सरळ विचारा, "पोटाच्या भागातला मज्जातंतू छातीतल्या मज्जातंतूला जोडणार का? माझ्या बाबतीत ते जमेल का?" जोडला तरी तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, त्यामुळे कित्येक महिने धीर धरावा लागतो.

माझा जोडलेला नव्हता. पहिल्याच हिवाळ्यात खांदा धरला म्हणून गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवी झाले. पिशवी घसरून छातीवर आली, मला पत्ताच नाही. रात्री कपडे बदलताना रुपयाएवढा फोड दिसला. जखम भरायला महिना गेला. तेव्हापासून पिशवी, शेक, हीटिंग पॅड त्या बाजूला बंद. अंघोळीचं पाणी आधी हाताने बघते, आणि रोज आरशात त्वचा तपासते, कारण ब्रा काचली तरी कळत नाही.

चौदाव्या महिन्यात वरच्या कडेला मुंग्या यायला लागल्या, मधूनच करंट बसल्यासारखं व्हायचं. मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, कडेच्या त्वचेतले तंतू आत सरकत असतील. फिजिओथेरपिस्टने कापूस, मग टॉवेल, मग बोटं फिरवायला शिकवलं, आधी चांगल्या बाजूला, मग इकडे, डोळ्यांनी बघत. एका सकाळी अंघोळीनंतर मंगळसूत्राच्या वाट्या तिथे टेकल्या आणि गार लागल्या. मी टॉवेल धरून तशीच उभी राहिले.

कडेला आता थंड-गरम कळतं. मधोमध अजून काही नाही.