बायकांना हार्ट अटॅक आला तर छातीत दुखत नाही, हे खरं आहे का?

नाही, बहुतेक बायकांनाही छातीतच दुखतं किंवा दाब आल्यासारखं वाटतं. फक्त जोडीला धाप लागणं, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ हे पुरुषांपेक्षा जास्त आढळतं आणि 'ॲसिडिटी असेल' म्हणून वेळ जातो (घरचेच काय, कधीकधी डॉक्टरही तेच म्हणतात). अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये बायकांच्या हार्ट अटॅकवर वेगळं निवेदन काढलं, त्यात हे सविस्तर आहे. ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) रक्ततपासणीतही बायकांची मर्यादा कमी धरतात. एका प्रचलित चाचणीत लिटरमागे १६ नॅनोग्रॅम, पुरुषांसाठी ३४. मात्र मधुमेह किंवा उतारवय असेल तर पुरुषांनाही छातीत न दुखता अटॅक येऊ शकतो.