शेवटचे पाच मिलिग्रॅम

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रातल्या मुख्य प्रश्नालाच आधी हात घालतो. सिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध 20 मिलिग्रॅम तीन वर्षं घेतलंस, मग दोन आठवडे 10 आणि त्यानंतर एकदम बंद. चौथ्या दिवसापासून चक्कर, मळमळ, नजर बाजूला वळवली की डोक्यात शॉक बसल्यासारखं, रात्री भलभलती स्वप्नं आणि क्षुल्लक गोष्टीवरून रडू. नैराश्य उलटलं का, असं तू विचारतोस. तू जे लिहिलं आहेस त्यावरून हा विड्रॉवल, म्हणजे औषध सोडल्यामुळे होणारा त्रास, असण्याची शक्यता कितीतरी जास्त दिसते. पण पक्कं सांगायचं काम तुझ्या डॉक्टरांचं, आणि त्यांना फोन आजच कर.

दोन्हींतला फरक कसा ओळखायचा? पहिली खूण वेळेची. विड्रॉवल बहुधा डोस कमी केल्यावर काही दिवसांतच सुरू होतो. नैराश्य परतायला सहसा काही आठवडे, कधी काही महिने लागतात आणि ते हळूहळू चढतं. दुसरी खूण अशी की आजारात कधीच नव्हत्या अशा शारीरिक गोष्टी आता होताहेत. डोक्यातले हे झटके, ज्यांना ब्रेन झॅप्स म्हणतात, ते नैराश्याचं लक्षण नाही. तिसरी खूण गोळी पुन्हा सुरू केल्यावर दिसते. विड्रॉवलची लक्षणं काही दिवसांत ओसरतात, नैराश्याला मात्र उतरायला कित्येक आठवडे लागतात. हा फरक कळला नाही की ‘पाहा, गोळीशिवाय जमत नाही’ असा निष्कर्ष घाईने निघतो आणि माणूस वर्षानुवर्षं त्याच डोसवर राहतो.

घरचे ‘व्यसन लागलं’ म्हणताहेत, हे वाचून वाईट वाटलं. व्यसनात तलफ येते, मात्रा वाढवत न्यावीशी वाटते. तुझ्या बाबतीत यातलं काहीच नाही. मेंदूने औषधाच्या हजेरीशी जुळवून घेतलं होतं, आता त्याला उलट जुळवून घ्यायचंय आणि त्यासाठी तू वेळच दिला नाहीस. दोष तुझ्या मनोबलाचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

आता हे वेळापत्रक कुठे चुकलं ते बघ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हे औषध मेंदूत सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलेलं एक रसायन) परत शोषून घेणाऱ्या वाहकांवर, म्हणजे ते वाहून नेणाऱ्या प्रथिनांवर, जाऊन बसतं. 60 मिलिग्रॅमला साधारण 88 टक्के वाहक व्यापलेले असतात आणि 20 ला 80 टक्के. म्हणजे तब्बल 40 मिलिग्रॅम कमी करून फरक पडला जेमतेम सात-आठ टक्क्यांचा. 9 मिलिग्रॅमला 70 टक्के, 5.4 ला 60. आणि तिथून शून्यापर्यंत उरलेल्या पाच-साडेपाच मिलिग्रॅममध्ये सगळेच्या सगळे 60 टक्के! आधी लांबच लांब पठार आणि शेवटी सरळ कडा. तू 20 वरून 10 वर आलास तेव्हा पठारावरच चालत होतास, म्हणून काही जाणवलं नाही. 10 वरून शून्यावर आलास ती कड्यावरून उडी होती. ‘10 तर सगळ्यात लहान गोळी, आता बंद करायला काय हरकत आहे’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि बहुतेकांची गाडी नेमकी तिथेच अडते.

सध्या काय करायचं? लक्षणं सोसण्यासारखी असतील तर काही जण तसंच थांबून एक-दोन आठवड्यांत बाहेर पडतात. पण तुला उभं राहणं जड जातंय, झोप नाही. अशा वेळी डॉक्टर बहुधा शेवटच्या सुसह्य डोसवर परत नेतात. तुझ्या बाबतीत तो 10 होता. तिथे किमान चार आठवडे शांत बसायचं. परत जाणं म्हणजे हरणं नव्हे.

त्यापुढची उतरंड मिलिग्रॅमच्या हिशेबाने न आखता परिणामाच्या हिशेबाने आखायची. दर पायरीला दहा टक्के वाहक मोकळे व्हावेत अशी मांडणी केली तर सिटालोप्रामसाठी अंदाजे असे आकडे येतात: 9, 5.4, 3.4, 2.3, 1.5, 0.8, 0.4, मग बंद. प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे. हा कागद डॉक्टरांपुढे ठेव आणि त्यांच्याशी बोलूनच पक्का कर. 9 वरून 5.4 ही उडी जड गेली तर मध्ये 7 घ्या. फार संवेदनशील असणाऱ्यांना दरवेळी चालू डोसच्या दहा टक्केच कमी करणं मानवतं. त्यात वेळ खूप जातो, पण गाडी मागे न्यावी लागत नाही.

एवढे बारीक डोस गोळी तोडून जमत नाहीत. 10 च्या गोळीचे चार तुकडे कधीच सारखे पडत नाहीत आणि चुरा होतो तो वेगळाच. त्यासाठी पातळ औषध लागतं. समजा बाटलीवर 5 मिलीलीटरमध्ये 10 मिलिग्रॅम असं लिहिलंय, म्हणजे 1 मिलीलीटरमध्ये 2. मग 3.4 मिलिग्रॅमसाठी 1.7 मिलीलीटर आणि 0.8 साठी 0.4. बिनसुईची, तोंडाने औषध द्यायची 1 मिलीलीटरची सिरिंज घे. 1.7 साठी दोनदा ओढावं लागेल. सिरिंज डोळ्यांच्या पातळीला धर, बुडबुडा असेल तर टिचकी मारून वर आण, बाहेर काढ आणि मगच रेघ वाच. चमच्याने मोजू नकोस. बाटली बदलली की आधी लेबल वाच, कारण प्रत्येक कंपनीची तीव्रता वेगळी असते. सिटालोप्रामच्या काही थेंबांत तर गोळीशी मिलिग्रॅमचं गणित एकास एक नसतं. 8 मिलिग्रॅमचे थेंब 10 च्या गोळीइतके धरतात. फार्मासिस्टला हे मुद्दाम विचार.

तुझ्या मैत्रिणीला हे पत्र दाखवणार असशील तर तिला एवढं सांग की तिचं व्हेन्लाफॅक्सिन हेही नैराश्यावरचंच औषध, पण वेगळं आहे. त्याचं रक्तातलं प्रमाण साधारण पाच तासांत निम्मं होतं, म्हणून एक कॅप्सूल चुकली तरी संध्याकाळपर्यंत चक्कर येते. एक्सआर (हळूहळू सुटणारी) लिहिलेली गोळी किंवा कॅप्सूलमधले दाणे चुरायचे नाहीत, नाहीतर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. फ्लुओक्सेटीन हे याच प्रकारचं आणखी एक औषध मात्र शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतं. त्याचा विड्रॉवल बहुधा सौम्य, पण उशिरा येतो. ‘महिना झाला, सुटलो’ असं वाटतं आणि मग चक्कर सुरू होते.

एक दिवसाआड गोळी घेण्याची युक्ती कुणी सुचवेल. फ्लुओक्सेटीन सोडलं तर ती नको. बाकीच्या औषधांचं प्रमाण दोन दिवसांत इतकं खाली जातं की तू दर एका दिवसाआड छोटा विड्रॉवल भोगशील.

रोज रात्री वहीत एक ओळ लिही: ‘तारीख, 3.4, सकाळी 8, चक्कर 4, झोप 6 तास, मूड 5’, लक्षणांना दहापैकी गुण. पुढची पायरी तारखेवरून ठरवू नकोस, वहीवरून ठरव. सलग आठवडाभर आकडे स्थिर असतील तरच खाली उतर. परीक्षा, घर बदलणं, आजारपण चालू असेल तर आहे तिथेच थांब. स्वप्नांचा त्रास असेल तर गोळी सकाळी घे. चक्कर असेपर्यंत गाडी चालवू नकोस, दारू टाळ. आणि आधार म्हणून सेंट जॉन्स वर्ट हे वनस्पतिजन्य औषध अजिबात सुरू करू नकोस. या गोळ्यांसोबत त्याने सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. खोकल्याच्या औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फन असेल किंवा कुणी ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक लिहून दिलं, तरी आधी विचारून घे.

काही गोष्टींत मात्र पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. जीव द्यावासा वाटणं, एका जागी क्षणभरही बसवू नये इतकी आतली तगमग, किंवा दोन-तीन रात्री झोप नसताना उलट प्रचंड उत्साह आणि वेगाने धावणारे विचार. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर किंवा इस्पितळ गाठ. आणि घरातल्या एकाला तरी आत्ताच हे सांगून ठेव, कारण त्या अवस्थेत स्वतःला ते उमगेलच असं नाही.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी ने: गेल्या दहा दिवसांची लक्षणं तारखेसह, वरचे आकडे, आणि ‘हे पातळ स्वरूपात लिहून द्याल का?’ हा प्रश्न. ते ‘इतकं हळू कशाला?’ म्हणाले तर वाद घालू नकोस, 10 वरून शून्यावर आलास तेव्हा काय झालं तेवढंच तारखेसह दाखव. काय ठरलं ते मला कळव.

तुझा,
काका